वरचे नगर, खालचे नगर

चैत्र उजाडला की गोव्याच्या डोंगरउतारांवर पिकल्या बोंडांचा वास दरवळू लागतो. काजूचे झाड आपल्याकडे कोणी आणले असे विचारले, तर घरातले शाळकरी पोरही 'पोर्तुगीजांनी' म्हणून उत्तर देईल. कोठून आणले, हा पुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. काजू आला तो ब्राझीलच्या किनाऱ्यावरून, आणि येताना आपले नावही बरोबर घेऊन आला. तिथल्या मूळच्या तुपी लोकांच्या बोलीत ह्या झाडाला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगीजांच्या जिभेवर त्याचे 'काजू' झाले, आणि आपण ते तसेच उचलले. अननसाची हकीकतही अशीच आहे. उलट दिशेने आपला आंबा आणि फणस तिकडे गेले. फणसाला ब्राझीलमध्ये आजही 'जाका' म्हणतात, आणि तो शब्द मूळचा मलबारातला 'चक्क'.

हिंदुस्थान आणि ब्राझील ह्या दोन किनाऱ्यांना जोडणारी पोर्तुगीज जहाजे अटलांटिकच्या पलीकडे ज्या बंदरात विसावत, त्या बंदराची ओळख वाचकांना आज करून द्यावी असा आमचा विचार आहे. त्याचे नाव साल्वादोर. पूर्वीचे लोक त्याला नुसते 'बाहिया', म्हणजे 'उपसागर', एवढेच म्हणत. जणू जगात दुसरा उपसागरच नव्हता. आम्ही ते नगर डोळ्यांनी पाहिलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु काही नगरे अशी असतात की त्यांच्याविषयी वाचू लागले म्हणजे ती आपल्याच एखाद्या दूरच्या, फारसे बोलणे नसलेल्या नातलगासारखी वाटू लागतात. साल्वादोर हे त्यांपैकी एक.

दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडून पूर्व किनाऱ्यावरून बोट खाली सरकवीत यावे. खंडाचा जो खांदा आफ्रिकेच्या दिशेने पुढे आलेला आहे, तो ओलांडून थोडे दक्षिणेस आले की किनाऱ्याला एक खोल खाच पडलेली दिसते. तेरा अंश दक्षिण अक्षांशावरची ही खाच म्हणजेच तो उपसागर. आपले गोवे विषुववृत्ताच्या जेवढे वर, जवळजवळ तेवढेच हे खाली. १५०१ सालच्या १ नोव्हेंबरला, ख्रिस्ती पंचांगातल्या सर्व संतांच्या दिवशी, पोर्तुगीज जहाजे इथे शिरली, म्हणून ह्याचे नाव 'सर्व संतांचा उपसागर'. त्या मोहिमेत अमेरिगो व्हेस्पुची हा इटालियन दर्यावर्दीही होता. पुढे त्याच्याच नावावरून साऱ्या खंडाचे बारसे झाले. उपसागराचा विस्तार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे, आणि तोंडाशी इतापारिका नावाचे लांबट बेट ढालीसारखे आडवे पडलेले आहे. एवढे मोठे आणि एवढे सुरक्षित पाणी त्या किनाऱ्यावर विरळाच.

उपसागराच्या पूर्वेस जमिनीचे एक टोक समुद्रात घुसले आहे. त्याच्या एका अंगाला खुला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला शांत उपसागर. ह्या टोकावर नगर वसले आहे, आणि ते दोन मजल्यांचे आहे. पुरातन काळी इथले भूकवच तडकले. तड्याच्या पश्चिमेकडचा भाग खचला, त्यात समुद्र शिरला, तो झाला उपसागर. पूर्वेकडचा भाग उभाच राहिला, तो झाला कडा. सुमारे सत्तर मीटर उंचीचा हा कडा नगराच्या ऐन मधून जातो. कड्याच्या पायथ्याशी किनाऱ्याची अरुंद पट्टी; तिथे धक्के, वखारी आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या. कड्याच्या माथ्यावर राज्यपाल, बिशप, नगरसभा, मठ आणि श्रीमंतांचे वाडे. पहिल्या दिवसापासून लोक ह्यांना 'वरचे नगर' आणि 'खालचे नगर' म्हणत आले. शत्रू समुद्रावरून येणार, म्हणून राजधानी उंचावर हवी. धन समुद्रावरूनच येणार, म्हणून बंदर खाली हवे. हे दोन्ही साधले. मात्र खालचे वर नेणार कोण, हा तिसरा प्रश्न त्यातून निर्माण झाला, आणि ह्या नगराचा सारा इतिहास त्या तिसऱ्या प्रश्नाभोवती फिरत राहिला, असे आम्हांस वाटते.

उपसागराभोवतालच्या मुलखाला 'रेकोंकाव्हो' म्हणतात. तिथल्या काळ्या, चिकण जमिनीचे स्थानिक नाव 'मासापे'. माळव्यातली किंवा वऱ्हाडातली काळी जमीन ज्यांनी पावसात तुडवली आहे, त्यांना तिचे अधिक वर्णन करून सांगायला नको. ह्या जमिनीत ऊस असा फोफावला की सोळाव्या शतकाच्या अखेरीस सबंध युरोपच्या गोडव्याचा मोठा वाटा इथून जाऊ लागला. साखरेच्या पेट्या होड्यांतून उपसागर ओलांडून बंदरात येत आणि तिथून जहाजांत चढत.

नगराची स्थापना १५४९ सालची. त्यापूर्वी अर्धे शतक पोर्तुगिजांनी ब्राझीलकडे फारसे लक्ष दिले नव्हते. त्यांचे चित्त हिंदुस्थानच्या मिरीत गुंतले होते. ब्राझीलचा शोधही हिंदुस्थानच्याच वाटेवर लागला. १५०० साली कालिकतास निघालेला काब्राल वाऱ्याच्या सोयीसाठी पश्चिमेकडे दूरवर वळला, तेव्हा त्याला हा किनारा दिसला. पुढे दिओगो आल्व्हारिश नावाचा एक पोर्तुगीज ह्या उपसागरापाशी जहाज फुटून किनाऱ्याला लागला, तिथल्या तुपिनाम्बा लोकांत राहिला आणि त्यांच्या एका प्रमुखाच्या मुलीशी त्याने संसार थाटला. तिचे नाव पाराग्वासू. हे दांपत्य फ्रान्सला जाऊन आले; १५२८ साली तिथे तिचा बाप्तिस्मा झाला. पोर्तुगालच्या राजाने नंतर हा मुलूख फ्रान्सिश्कु परैरा कुतिन्यो नावाच्या सरदाराला जहागीर म्हणून दिला. हिंदुस्थानात नोकरी केलेला हा जुना योद्धा. त्याचे तुपिनाम्बांशी पटले नाही आणि १५४७ साली इतापारिका बेटावर त्यांच्या हातून तो मारला गेला. तेव्हा राजाने जहागिरीचा नाद सोडून थेट आपला राज्यपाल धाडला.

ह्या राज्यपालाचे नाव तोमे द सोझा. २९ मार्च १५४९ रोजी तो सहा जहाजे आणि सुमारे हजार माणसे घेऊन उतरला. त्यांत सैनिक होते, गवंडी-सुतार होते आणि हद्दपारीची शिक्षा झालेले कैदीही होते. लुईश दियश हा मुख्य बांधकाम्या नगराचा आराखडा घेऊनच आला होता. बरोबर सहा जेझुइट पाद्री होते. सेंट झेवियर गोव्यात उतरल्यास तेव्हा सातवे वर्ष चालू होते. एकच संघ, एकाच राजाच्या आश्रयाने, पृथ्वीच्या दोन बाजूंस कामाला लागला होता. इथले पहिले बिशप पेरू फेर्नांदिश सार्दिन्या हे तर गोव्यात धर्माधिकारी राहिलेले. १५५६ साली लिस्बनला परत जाताना त्यांचे जहाज फुटले आणि किनाऱ्यावरच्या काएते लोकांनी त्यांना मारून खाल्ले, असे पोर्तुगीज बखरकार लिहितात. सार्दिन्या ह्या आडनावाचा अर्थ 'तारली'. ह्या योगायोगावर ब्राझीलमध्ये आजतागायत विनोद होतात. आम्ही त्यात भर घालीत नाही.

पुढचा राजकीय इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो आमच्या कथेचा गाभा नव्हे. साखरेच्या लोभाने डचांनी १६२४ च्या मे महिन्यात नगर जिंकले. पुढच्याच वर्षी १ मे रोजी स्पेन-पोर्तुगालच्या प्रचंड संयुक्त आरमाराने ते परत घेतले. १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी इथेच होती. अंतर्भागात सोने सापडल्यावर त्या खाणींना जवळचे बंदर रिओ द जानेरो ठरले आणि राजधानी तिकडे गेली.

आता गोव्याच्या जहाजांकडे वळू. लिस्बनहून हिंदुस्थानास निघालेली जहाजे मार्च-एप्रिलात सुटत आणि दक्षिण अटलांटिकातल्या वाऱ्यांमुळे त्यांना ब्राझीलच्या बाजूने मोठा वळसा घालावा लागे. उशिरा निघालेल्या जहाजाला आब्रोल्युश नावाच्या उथळ खडकांना बगल देता आली नाही, तर त्याची त्या वर्षीची सफर बुडालीच म्हणायची. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत गोवा सोडत. वाटेत ब्राझीलला थांबण्यास आरंभी राजाची मनाई होती. थांबले की खलाशी पळून जातात आणि जकात चुकवून माल विकला जातो, हा अनुभव होता. परंतु कायदा लिस्बनच्या कागदावर राहिला. सहा महिने समुद्रात घालवलेले, ओव्हरलोड माल भरलेले, फळीफळीतून गळणारे, निम्मे खलाशी हिरड्या सुजून आडवे झालेले जहाज कुठल्याही हुकमापेक्षा गोड्या पाण्याकडे आधी पाहणार. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून परतीच्या वाटेवर साल्वादोरला थांबणे हा जवळजवळ नियमच होऊन बसला. तिथल्या गोदीत ब्राझीलच्या जंगलातले कठीण लाकूड वापरून हिंदुस्थानच्या जहाजांची डागडुजी होई, आणि तोवर खालच्या नगरात बाजार भरे. त्यात सुती कापड असे, मिरी असे, चिनी भांडी असत, गोव्यात कोरलेल्या हस्तिदंती मूर्ती असत. काही उघड विकले जाई, बरेचसे रात्रीचे.

गोव्याकडे इथून काय येई? तंबाखू. रेकोंकाव्होतल्या तंबाखूच्या गुंडाळ्या गोव्यात उतरत, आणि तंबाखूच्या मक्त्याचे उत्पन्न हा गोव्याच्या पोर्तुगीज खजिन्याचा एक मोठा आधार होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तपकिरीच्या डबीत बाहियाचा वास असणे अगदीच अशक्य नव्हते. माणसेही इकडची तिकडे जात. गोव्यात व्हाइसरॉय राहिलेले दोघेजण पुढे साल्वादोरच्या गादीवर बसले. १६९० च्या दशकात गोव्यात असलेला पेद्रू आंतोनियू द नोरोन्या १७१४ ते १७१८ इथे होता. आणि १७१२ ते १७१७ गोव्यात कारभार केलेला व्हाश्कू फेर्नांदिश सेझार द मेनेझिश १७२० पासून पंधरा वर्षे इथे राहिला. एकाच खुर्चीची जणू ही दोन टोके.

इथवर सगळे वाचताना मौज वाटते. आम्हांलाही वाटत होती. पण त्या जहाजांतून उतरलेल्या कापडाचे पुढे काय होई, हे वाचनात आले तेव्हा हातातले पुस्तक आम्ही काही वेळ मिटून ठेवले. गुजरातेतल्या मागांवर विणलेले, दीव-दमणच्या बाजारांतून आलेले ते सुती कापड ब्राझीलमध्ये सगळेच वापरले जात नसे. त्यातले पुष्कळ पुन्हा जहाजात चढे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, विशेषतः अंगोलात, उतरे. तिथे त्याच्या बदल्यात माणसे मिळत. कापड, दारू आणि तंबाखू ही त्या बाजारातली नाणी होती. बाहियाचा हलका तंबाखू, जो लिस्बनला पाठवण्याच्या लायकीचा नसे, तो काकवीत माखून त्याच्या गुंडाळ्या वळल्या जात, आणि आफ्रिकेच्या मिना किनाऱ्यावर त्यालाच सर्वांत मोठी मागणी असे. विणणाऱ्या कोष्ट्याला ह्यातले काही ठाऊक नव्हते. त्याने ताणा-बाणा नीट केला, मजुरी घेतली, आणि त्याच्या थानाच्या मोलाने हजारो कोसांवर कोणाचे तरी मूल विकले गेले.

तीन शतकांत सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर जिवंत उतरवली गेली. वाटेत मेली ती वेगळी. ज्या उत्तर अमेरिकेतल्या गुलामगिरीविषयी आपण अधिक वाचतो, तिथे उतरवलेल्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. ब्राझीलच्या आकड्यातले सुमारे १५ लाख लोक एकट्या बाहियात आले. कोणी असेही समजू नये की हे पाप फक्त पलीकडच्या किनाऱ्यावरचे. मोझांबिकहून आणलेले गुलाम गोव्यातल्या बड्या घरांतही राबत होते. आपल्या बोलीतला 'खापरी' हा शब्द त्यांचीच आठवण आहे.

उसाच्या मळ्यांतून ते मरेपर्यंत राबले हे तर झालेच. पण नगरातही त्यांच्यावाचून पान हलत नसे. तो कडा आठवावा. साखरेची पेटी, पाण्याचा पिंप, चर्चसाठी लिस्बनहून आलेला दगड, पियानो, स्वतः मेण्यात बसलेली मालकीण, जे काही वर जायचे ते माणसाच्या खांद्यावरून त्या उभ्या चढणीने जाई. खालच्या नगरातले कोंसेइसांव चर्च पोर्तुगालात घडवून, क्रमांक घातलेले दगड जहाजातून आणून उभारले आहे. ते दगड धक्क्यावरून कोणी वाहिले, हे मात्र कोठे कोरलेले नाही. नगरातले पुष्कळसे गुलाम रोजावर सोडलेले असत. त्यांनी दिवसभर हमाली करावी, आठवड्याला ठरलेली रक्कम मालकाला आणून द्यावी, वर काही उरले तर स्वतःजवळ ठेवावे, अशी रीत होती. ह्या वरकड पैशांतून वर्षानुवर्षे साठवून कित्येकांनी स्वतःला विकत घेतले. 'स्वतःला विकत घेणे' हे शब्द लिहितानाही विचित्र वाटतात, पण तिथे ते रोजच्या व्यवहारातले होते.

ही माणसे मुकाट होती असा समज करून घेऊ नये. १७९८ साली इथे शिंपी, सैनिक अशा सामान्य लोकांनी समतेच्या आणि प्रजासत्ताकाच्या घोषणा लिहून भिंतींवर लावल्या. चौघांना पुढच्या वर्षी फाशी झाली. त्याच्या अकरा वर्षे आधी, १७८७ मध्ये, ह्याच राजसत्तेविरुद्ध गोव्यात कांदोळीच्या पिंटोंचा कट उघडकीस आला होता, हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नको. त्याहून मोठा उठाव १८३५ चा. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या योरुबा लोकांत पुष्कळ मुसलमान होते. त्यांना तिथे 'माले' म्हणत. त्यांच्यातले काही अरबी लिहीत-वाचीत. त्यांच्या कित्येक मालकांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती, अशा काळातली ही गोष्ट. रमजान संपता संपता, २५ जानेवारीच्या पहाटे उठायचे ठरले. आदल्या रात्री बातमी फुटली आणि वेळेआधीच लढाई जुंपली. काही तास वरच्या नगराच्या गल्ल्या त्यांच्या ताब्यात होत्या. शेवटी घोडदळाच्या तळापाशी त्यांचा मोड झाला. सत्तरेक माणसे पडली. चौघांना गोळ्या घातल्या, कित्येकांना शेकडो फटके मारले, कित्येकांना आफ्रिकेला हाकलले. त्यांच्या गळ्यांतल्या ताइतांतून निघालेले अरबी कागद बाहियाच्या दप्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत.

ह्या उठावानंतर बाहियाच्या गुलामाची साऱ्या ब्राझीलमध्ये धास्ती बसली. त्याचा एक परिणाम विलक्षण आहे. साल्वादोरमध्ये १८३० साली लुईश गामा नावाचा मुलगा जन्मला. आई आफ्रिकेतून आलेली, पण स्वतंत्र झालेली, भाजीपाला विकणारी. वडील पोर्तुगीज घराण्यातले, श्रीमंतीतून उतरणीला लागलेले आणि जुगाराच्या नादी. मूल जन्माने स्वतंत्र होते. १८३७ च्या एका बंडाळीनंतर आई रिओला निघून गेली. १८४० च्या नोव्हेंबरात बापाने दहा वर्षांच्या मुलाला बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर नेले, आणि तिथे गुलाम म्हणून विकून टाकले. पुढे दक्षिणेकडच्या गावांतून त्याला विकायला फिरवले, तेव्हा गिऱ्हाईक मिळेना. मुलगा चलाख, अंगाने चांगला. पण कुठला म्हणून विचारले आणि 'बाहियाचा' असे उत्तर आले की लोक पाठ फिरवीत. दहा वर्षांच्या पोराची भीती! अखेर तो साओ पाउलोत व्यापाऱ्याच्या घरीच राबत राहिला. तिथे राहायला आलेल्या एका विद्यार्थ्याकडून सतराव्या वर्षी तो लिहायला-वाचायला शिकला, आपण कायद्याने स्वतंत्र आहोत ह्याचे पुरावे त्याने मिळवले आणि सुटला. मग पदवी नसताना कायदा शिकून कोर्टात उभा राहू लागला. बेकायदा गुलाम केलेल्या पाचशेहून अधिक माणसांना त्याने सोडवले. आईला शोधायला तो रिओत पुन्हा पुन्हा गेला; ती सापडली नाही. १८८० साली एका मित्राला पत्रातून त्याने आपली ही सगळी कथा सांगितली. त्यात आईचे नाव आहे. बापाचे नाव त्याने लिहिले नाही. मेलेल्या माणसाची बदनामी नको म्हणून जाणूनबुजून गाळले. १८८२ मध्ये तो वारला. वकिलांच्या संघटनेने त्याला वकील म्हणून मान्यता दिली ती २०१५ साली.

आणि १८५७. आपल्याकडे हे साल उच्चारले की तोफांचे आवाज कानी येतात. साल्वादोरमध्ये त्या वर्षी जे घडले त्यात आवाजच नव्हता. नगरसभेने ठराव केला की प्रत्येक हमालाने नोंद करावी, फी भरावी आणि क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला गळ्यात अडकवावा. १ जूनला हमाल रस्त्यावर आलेच नाहीत. त्यांत गुलाम होते तसे मोकळे झालेलेही होते. धक्क्यावर माल पडून राहिला. वखारींतून पोते हलेना. वरच्या नगरातल्या बड्या माणसांना प्रथमच कळले की आपला कडा किती उंच आहे. आठवड्याहून अधिक काळ हे चालले. फी रद्द करावी लागली. बिल्ला मात्र राहिला, आणि हळूहळू, एक एक करून, तो घालून माणसे परतली. पूर्ण विजय नव्हे. पण स्वतःच्या देहावरही मालकी नसलेल्या माणसांनी केलेला संप जगाच्या इतिहासात असे किती असतील, हे आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे, फार नसावेत.

१८७३ साली आंतोनियू द लासेर्दा ह्या उद्योजकाने कड्याला लागून एक उद्वाहक, म्हणजे साध्या भाषेत लिफ्ट, उभारली. गुलामगिरी कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडातला हा शेवटचा देश. यंत्र आधी आले आणि न्याय पंधरा वर्षांनी. ती लिफ्ट १९३० मध्ये नव्या रूपात बांधली गेली आणि खालच्या व वरच्या नगरांमध्ये माणसांची ने-आण करते. ज्या चढणीने खांदे सोलले, तेवढे अंतर ती अर्ध्या मिनिटात पार करते.

स्वातंत्र्याची गोष्ट सांगायची राहिली. ब्राझील स्वतंत्र झाल्याची घोषणा ७ सप्टेंबर १८२२ ची. पण साल्वादोरमध्ये पोर्तुगीज फौज ठाण मांडून बसली होती. ती गेली २ जुलै १८२३ रोजी. म्हणून बाहियाचे लोक २ जुलैचा उत्सव वेगळा करतात. देशाचा स्वातंत्र्यदिन एक आणि आपल्या मुलखाचा मुक्तिदिन दुसरा, ही गोष्ट १९ डिसेंबर पाळणाऱ्यांना समजावून द्यावी लागणार नाही.

वरच्या नगराच्या जुन्या भागाला 'पेलोरिन्यो' म्हणतात. पेलोरिन्यो म्हणजे गुन्हेगारांना आणि गुलामांना जाहीर फटके मारण्याचा खांब. जुन्या गोव्यातला 'हातकातरो खांब' ज्यांनी पाहिला आहे त्यांना कल्पना येईल. खांब गेला, नाव उरले. १९८५ मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारशात घेतला. पुढच्याच वर्षी जुन्या गोव्याची चर्चे त्या यादीत आली. त्यानंतर १९९० च्या दशकात इथली घरे रंगवून नवी केली, पण त्यांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांना थोडीबहुत भरपाई देऊन दूर धाडले. भिंती वाचवाव्यात आणि माणसे घालवावीत, हा वारसा जपण्याचा प्रकार आम्हांस मानवत नाही. भिंती तरी पुरत्या वाचल्या का? आतून सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या साओ फ्रान्सिश्कु चर्चचे छत फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळले आणि दर्शनाला आलेली एक तरुणी दगावली. तिथून हाकेच्या अंतरावर, उतारावर, निळसर रंगाचे आणखी एक चर्च आहे. अठराव्या शतकात काळ्या लोकांच्या मंडळाने, दिवसभराचे काम उरकल्यावर उरलेल्या वेळात, ते स्वतःसाठी बांधले.

दर जानेवारीत एका गुरुवारी पांढरेशुभ्र झगे आणि फेटे घातलेल्या शेकडो बायका डोक्यावर सुगंधी पाण्याचे घडे घेऊन खालच्या नगरातून आठेक किलोमीटर चालत बोंफिमच्या चर्चला जातात आणि त्याच्या पायऱ्या धुतात. पूर्वी आतली फरशीही धूत. धर्माधिकाऱ्यांनी ते बंद केले. ख्रिस्ताच्या पायऱ्या धुताना त्यांच्या मनात आफ्रिकेतला ओशाला देव असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे मनगटाला रंगीत फीत बांधतात, तीन गाठी मारून. तिलाही ते 'फीता' म्हणतात. आपली फीत त्याच शब्दातून आलेली.

ह्याच वेषातल्या बायका चौकाचौकांत, लिफ्टच्या वरच्या तोंडापाशीही, कढई मांडून बसलेल्या दिसतात. त्या तळतात तो पदार्थ 'आकाराजे'. गुलामीच्या काळात अशाच विक्रीच्या पैशांतून कित्येक बायकांनी स्वतःची आणि मुलांची सुटका करून घेतली. २००५ साली ह्या व्यवसायाला ब्राझीलने राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. कृती आमच्या गृहिणींना सोपी वाटेल. चवळी भिजवून, चोळून, साले काढून टाकावीत. कांदा-मीठ घालून वाटावी. पीठ हाताने चांगले फेसून, त्याचे वडे लालभडक पाम तेलात तळावेत. मग मधोमध चिरून आत सोडे आणि तिखट भरावे. घाण्यातले पहिले इवलेसे वडे पुष्कळ जणी आपल्या देवांच्या नावाने बाजूला काढतात, आणि मगच गिऱ्हाइकाला देतात.